गेटच्या आतले पांडव

“हसत हसत गाडी अडवतात. काळजी त्याचीच आहे,” मागच्या सीटवरून साहेब फोनवर कुणाला तरी म्हणाले.

ते इंग्रजीत बोलत होते. मला इंग्रजी येतं म्हणूनच मला ड्रायव्हरशेजारी बसवलेलं होतं. पण बरीच माणसं दुभाष्याला दाराच्या कडीसारखी वागवतात. हवी तेव्हा ओढायची, एरवी तिला कान असतील हे मनातही येत नाही.

गाडीसमोर पाच-सहा जण उभे होते. एकाच्या पाठीवर घोंगडी, एकाच्या हातात आंबिलीचा तांब्या. बायका बांधावर थांबून, तोंडाला पदर लावून गंमत बघत होत्या. तांब्यावाल्यानं बोनेटवर थाप मारली.

“उतरा, उतरा! येळवसेला रानावरनं उपाशी जायचं नस्तंय. सायबाला म्हनावं, दोन घास खा आन् मग जा कुठं जायाचं ते.”

“कोन हाय रं गाडीत?”

“पंख्यावाला लाल सायब.”

“मग तर सोडूच नका. भज्जी चारा त्येला. रंग अजून चढंल.”

सगळे हसले. ड्रायव्हरही हसला, आणि आरशात बघून लगेच गप्प झाला.

“काय म्हणतायत?” साहेबांनी मला विचारलं.

“जेवायला बोलावतायत.”

“कुणाला?”

“आपल्याला.”

“ते आपल्याला ओळखतात?”

“नाही.”

“मग का?”

याचं उत्तर मला इंग्रजीत देता आलं नाही. मराठीत तरी दिलं असतं का, कोण जाणे. आमच्यात हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मी म्हणाले, “पद्धत आहे.” साहेबांनी मान हलवली आणि ड्रायव्हरला दारं आतून बंद करून गाडी मागं घ्यायला सांगितली. गाडी उलटी निघाली तसा घोंगडीवाला शेजारून पळत आला. त्याच्या हातात बाजरीच्या पिठाचा उकडलेला उंडा होता आणि तो काचेवर टेकवून तो ओरडत होता, “आरं, हितंच हातावर घ्या की! न्यायला काय होतंय?” साहेबांनी मोबाइल उचलून त्याचा फोटो काढला. ड्रायव्हरनं खिडकीआडूनच हात जोडले. “ड्यूटीवर हाय गा,” तो पुटपुटला, पण काच बंद होती. बाहेर ते ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्ष संपता संपता येणारी ही अमावस्या पुण्या-मुंबईच्या माणसांना बहुधा माहीत नसते. आमच्या भागात, लातूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. रानात कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. त्यांची पूजा झाली की दिवसभर जेवणं. रस्त्यानं जाणारा माणूस ओळखीचा असो नसो, हाताला धरून आणायचा. ज्याच्या रानात परका माणूस जेवला नाही, त्याची येळवस कोरडी गेली असं म्हणतात.

मी सोलापुरात वाढले. वडील तिथं नोकरीला. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथं मराठी बोललं की गळ्यात पाटी अडकवत, आणि इंग्रजी बोलताना चूक झाली की मुली हसत. दोन्हींतून वाचण्याचा सोपा मार्ग मी लहानपणीच शोधला होता, तो म्हणजे न बोलणं. अणदूरच्या पुढं, हमरस्त्यापासून आत आमचं गाव आहे. तिथं धाकटे चुलते, म्हणजे काका, शेती बघत. येळवसेला आम्ही दरवर्षी जायचो. भावंडं मला ‘इंग्लिश मॅडम’ म्हणून चिडवायची आणि काका त्यांना दटावायचे, “गप रं. तिचं तिला कळतंय. बोलंल तवा बोलंल.”

पवनचक्क्यांची परदेशी कंपनी आमच्या माळावर आली तेव्हा काकांच्या रानात एक टॉवर उभा राहिला. आमच्याकडे त्याला पंखा म्हणतात. करार होताना ठरलं होतं की घरातल्या एकाला राखणीची नोकरी मिळेल. मुलगा पुण्यात, म्हणून काकाच लागले. निळा शर्ट, शिट्टी, टोपी. नवी टोपी घालताना त्यांनी डोक्यावरची पांढरी टोपी घडी करून खिशात ठेवली, ती रोज खिशातच असायची. गेटच्या खांबावर कॅमेरा होता. रोज सकाळी काका स्टुलावर चढून तो धोतराच्या फडक्यानं पुसायचे. “मशीनला बी दिसाय पायजे,” म्हणायचे.

आमचे पांडव होते बोरीच्या झाडाखाली. टॉवरभोवती कुंपण घातलं तेव्हा बोर आणि ते पाच दगड आत गेले. काकांनी जमीन मोजायला आलेल्या माणसाला विचारलं होतं. तो म्हणाला, “मशीन बसू द्या हो. पूजेला कोण अडवतंय?” काकांनी ते कागदावर घ्यायचा आग्रह धरला नाही. रानात उभं राहून दिलेला शब्द मोडत नाहीत, अशी त्यांची समजूत. आमच्या घरातली सगळी मोठी माणसं हीच चूक करत आली आहेत.

कंपनीला इंग्रजी येणारं स्थानिक माणूस हवं होतं, तेव्हा काकांनीच माझं नाव सांगितलं. मी काकांकडे राहायला आले. मॅनेजर पुण्याचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. “वॉचमन मामा तुमचे काका आहेत ना? ऑफिसात ते बोलू नका. बाहेरून माणसं येतात, उगाच गैरसमज होतात.” मी मान हलवली. ऑफिसात मीही काकांना मामा म्हणू लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते गालात हसले होते. नंतर हसायचे नाहीत.

साहेब परदेशातून आले ते सुरक्षेची पाहणी करायला. ते पूर्वी सैन्यात होते. मग तेलाच्या विहिरी, खाणी, बंदरं, असं करत बऱ्याच देशांत फिरलेले. आवाज हळू, बोलणं सभ्य. मला दार उघडून द्यायचे. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी प्रोजेक्टरनं आम्हाला चित्रं दाखवली, वर लिहिलेलं होतं: परक्या देशात काम करताना. रोज एकाच वेळी एकाच रस्त्यानं जाऊ नये. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ-पिऊ नये. गर्दी दिसली की थांबू नये. आतली माहिती असलेल्या स्थानिक माणसावर नजर ठेवावी. मी ते सगळं मराठीत सांगत होते आणि माझ्याच तोंडून बाहेर पडणारा ‘परका देश’ हा शब्द कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं. खिडकीतून आमच्या रानातली बोर दिसत होती.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, तेव्हा मी नियम सांगितले.

“म्हंजे कुनाच्या घरचा च्या बी प्यायचा न्हाय?” काकू म्हणाल्या.

“नाही.”

“आन् रोज येगळ्या वाटंनं जायाचं?” काका म्हणाले. “आपल्याकडं असं एकच मानूस करतंय. उधारी बुडवलेलं.”

आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसता येत होतं.

साहेबांचे नियम खोटे नव्हते. आमच्या माळावर धोका नाही असं मी कधीच म्हणणार नाही. दिवाळीनंतर शेजारच्या एका टॉवरची तांब्याची केबल रातोरात कापून नेली होती. टेम्पो कुणाचा होता ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण तक्रार ‘अज्ञातां’विरुद्ध झाली. आणि आठच दिवसांत तालुक्याचा एक ठेकेदार पांढऱ्या जीपमधून ऑफिसला आला. कंपनीला मुरूम तोच पुरवायचा, पाण्याचे टँकर त्याचेच. बोटांत अंगठ्या, तोंडात वेलदोडा. मी दोघांच्या मधे बसले.

“ताई, सायबाला नीट समजावून सांगा,” तो म्हणाला. “हितं सगळं आपल्या घरातलंच हाय. आपली पोरं गेटावर असली ना, तर पान हलनार न्हाय. आन् नसली, तर मग काय, माळ हाय. वारं सुटतंय. कुनाच्या हातात काय हाय?”

मी इंग्रजीत सांगितलं. मग थांबून म्हणाले, “सर, ही धमकी आहे.”

साहेब काही बोलायच्या आत मॅनेजर मराठीत म्हणाले, “तुम्ही बोललं तेवढंच सांगा. मतं नकोत.” आणि साहेबांकडे वळून हसत इंग्रजीत, “मुलगी नवीन आहे.” ठेकेदारही हसला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई लई हुशार हायत. कुनाच्या हो तुमी?” तो काकांच्या अगदी अंगाजवळून जीप नेत गेटबाहेर पडला आणि काकांनी त्याला सलाम ठोकला. सलाम ठोकणं त्यांच्या कामात होतं.

साहेबांनी माणसांना रंग दिले होते. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लक्ष ठेवावं, हिरवा म्हणजे मदत करणारा. ठेकेदार हिरवा झाला. ते भिंतीवर बघताना मला वाटलं, हा माणूस इतके देश हिंडला, त्या सगळ्या देशांतही असंच कुणी हिरवं असेल.

येळवसेच्या आठवडाभर आधी काकांनी मॅनेजरना फोन केला. मी शेजारीच होते. “साहेब, येळवसेला आमचे पांडव पुजायचे हायत. गेट उघडू का?” फोनमधून आवाज आला, “बघा मामा, तुमचं तुम्ही. मला विचारू नका.” काकांनी फोन ठेवला आणि खुशीत म्हणाले, “बघा म्हनले.”

येळवसेच्या दिवशी मला अर्धी रजा होती. सकाळी साहेबांना रस्ते दाखवायचे आणि दुपारी रानात जायचं, असं ठरलं होतं. म्हणून गाडी उलटी घेऊन आम्ही हमरस्त्याला लागलो तेव्हा मी म्हणाले, “मला इथंच उतरायचं आहे.”

साहेबांनी बाहेर बघितलं. बांधाबांधानं माणसं चालली होती, बायकांच्या डोक्यावर टोपल्या होत्या.

“तुला इथं सोडणं सुरक्षित आहे का?” त्यांनी विचारलं.

ते मनापासून विचारत होते. म्हणून जास्त लागलं. मी मान हलवली आणि उतरले. तांब्यावाला अजून वाटेवरच होता. त्यानं मला ओळखलं. “काय गं माय, तुझा सायब पळाला? आमी काय खातूय व्हय त्येला?” मी हसले. मग त्याच्या तांब्यातली आंबील ओंजळीनं प्यायले. आंबट, गार. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

काकांनी गेट सताड उघडं टाकलं होतं. बोरीखाली खोप होती, पांडवांना चुना होता. काकू भज्जी, म्हणजे या सणाची पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची मिसळीची भाजी, वाढत होत्या. चार गावची माणसं येऊन जेवून गेली. काकांच्या अंगात निळा शर्ट होता, पण टोपी त्यांची पांढरीच होती. येईल त्याला “आत या, आत या” म्हणत ते गेटवर उभे होते. राखणदारानं इतक्या आनंदानं गेट उघडं ठेवलेलं मी परत बघितलं नाही.

दिवस मावळताना हेंडगा फिरवतात. कडब्याची पेंढी पेटवून ती हातात धरून रानाभोवती पळायचं आणि ओरडायचं, “ओलगे, ओलगे!” शब्द कानडीतून आलेत म्हणतात. अर्थ आमच्यात कुणाला धड सांगता येत नाही. हे काम घरातल्या पुरुषाचं. काकांचा मुलगा यंदा आला नव्हता आणि काकांचा गुडघा सुजलेला. त्यांनी पेंढी पेटवली, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्यापुढं केली.

“धर.”

“मी?”

“मग काय पंख्याला सांगू? धर. आन् तोंडातल्या तोंडात न्हाय म्हनायचं. पांडवांना ऐकाय गेलं पायजे.”

मी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळली आणि पळाले. ठिणग्या मागं उडत होत्या, ढेकळं पायाखाली फुटत होती, मागं पोरांचा घोळका. आधी आवाज निघेना. मग निघाला, आणि तो माझा आहे यावर माझाच विश्वास बसेना. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात कधी काही म्हटलं नव्हतं. कुंपणाच्या कडेनं, टॉवरला वळसा घालून, गेटसमोरून पुन्हा बोरीपाशी. काका एका पायावर जोर देऊन उभे होते आणि टाळ्या वाजवत होते. “आयला, इंग्लिश मॅडमला गळा हाय की!”

खांबावरचा कॅमेरा काकांनी त्या दिवशी सकाळी जरा जास्तच लख्ख पुसला होता. सणाचा दिवस म्हणून.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसात बैठक बोलावली. साहेब, मॅनेजर आणि मी बसलो होतो. काकांना उभं केलं होतं. कुणी मुद्दाम नाही केलं. चौथी खुर्ची ठेकेदारासाठी ठेवलेली होती आणि तो यायचा होता. काकांनी टोपी काढून हातात धरली होती.

भिंतीवर पहिला फोटो आला: गाडीच्या काचेशी हात नेऊन पळणारा घोंगडीवाला. हातातला उंडा नीट दिसत नव्हता, मूठ दिसत होती. खाली लिहिलं होतं, जमावानं वाहन रोखलं, पाठलाग केला. दुसरा: सताड उघडं गेट, आत माणसं. अनधिकृत प्रवेश, आतल्या माणसाची मदत. तिसरा: अंधारू लागलेलं आभाळ, टॉवरचा पाया, जाळ, आणि जाळ हातात धरून पळणारी एक मुलगी. ओढणीत चेहरा बुडालेला. खाली: आग लावण्याचा प्रयत्न, घोषणा, अर्थ कळू शकला नाही.

मी सांगितलं. मतं नकोत हा नियम मोडून सांगितलं. हा सण आहे, मूठ नव्हे तो उंडा आहे, पांडव आत आहेत, आग लावत नाहीत, फिरवतात. आवाज बारीक होता, पण सगळं सांगितलं. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“माझा तुझ्यावर विश्वास आहे,” ते म्हणाले. “पण पुढच्या वेळी या सणाच्या आडून कुणी खरंच आग लावली तर? मला हेतू मोजता येत नाहीत. गेट उघडं होतं की नाही, एवढंच मोजता येतं.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त त्यांनी हे माप ठेकेदाराला लावलं नव्हतं.

मॅनेजर काकांना म्हणाले, “मामा, पोलिसांत तक्रार द्यावी लागणार. विम्यासाठी लागते. एक तारखेपासून गेटवर दुसरी माणसं येतील.”

“कुनाची?”

मॅनेजरनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

“नोकरी न्या,” काका म्हणाले. “नोकरीचं काय न्हाय. पर ठान्यात नाव नगं. आमच्या घरातलं कुनाचंच नाव तिथं कधी गेलं न्हाय, साहेब. मी तुमाला फोन केल्ता. तुमी ‘बघा’ म्हनलात.”

“मी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणालो, मामा.”

दोन्ही वाक्यांत फरक काय, हे काकांना खरंच कळलं नव्हतं.

मी ते सगळं साहेबांना सांगितलं. फोनचंही. मॅनेजर लॅपटॉपमध्ये बघत होते. साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की एक मार्ग आहे. आत आलेल्या लोकांची नावं यानं दिली, निदान आग धरणारीचं, तर तक्रार त्यांच्यावर होईल. हा साक्षीदार धरला जाईल, आरोपी नाही.

मी मराठीत सांगितलं.

“साक्षीदार?” काका म्हणाले. “कशाचा? जेवनाचा?”

“नावं विचारतायत.”

“येळवसेला जेवाय आलेल्याला नाव इचारत नस्त्यात. सांग त्येंला.”

सांगितलं. साहेबांनी उसासा सोडला आणि तिसरा फोटो मोठा केला. जाळ पसरला, ओढणीची किनार दिसू लागली. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची. तीच ओढणी त्या क्षणी दारामागच्या खुंटीवर माझ्या पिशवीवर टांगलेली होती. साहेबांनी त्या बाजूला बघितलंही नाही. मला वाटतं, त्या खोलीत मी इतके दिवस बसत होते, पण त्यांनी माझ्याकडे ओळखायच्या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं.

“हिला तरी तो ओळखत असेल,” साहेब म्हणाले. “विचार त्याला.”

मला विचारावं लागलं. माझ्याच फोटोकडे बोट करून मी माझ्या काकांना विचारलं, “मामा, ही कोण आहे?”

काकांनी भिंतीकडे बघितलं. मग खुंटीकडे. मग माझ्याकडे, अगदी थोडं, डोळ्यांनीच नको म्हणत. हातातली टोपी त्यांनी पुन्हा डोक्यावर घातली, कंपनीची.

“न्हाय वळकत मी हिला,” ते म्हणाले. “कुनाची हाय कुनास ठावं.” आणि मग हळूच, घरी पाणी मागावं तशा आवाजात म्हणाले, “सांग की पोरी. म्या बोललो तेवढंच सांग.”

मॅनेजरनी पेन उघडलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला, गेट उघडायला. काका गेटवर नव्हते, त्यामुळे तो वाजतच राहिला.

“काय म्हणाला तो?” साहेबांनी मला विचारलं.

लहानपणापासून मी तोंडातल्या तोंडात बोलत आले होते. त्या दिवशी तसं बोलले नाही. आधी साहेबांना कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, आणि मग तेच, काकांनाही ऐकू जावं म्हणून, मराठीत:

“फोटोतली ती मी आहे. हे माझे काका आहेत, ते मला ओळखतात. तक्रारीत पहिलं नाव माझं लिहा.”